बिनविरोध गाव

(इगतपुरी. तहसील कचेरीचा व्हरांडा, दुपार. ग्रामपंचायतीचे अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस.)

गेणू: अर्ज मागं घ्यायची सही करा वहिनी. तीनला खिडकी बंद होती. मारुतीच्या पारावर ठरलंय, तुमच्याविरुद्ध अर्ज भरलेली सविता बिनविरोध.

कुसाबाई: पारावर ठरलं तवा बायांना कोणी बोलावलं होतं, भावजी?

गेणू: गावाच्या भल्याचंच हाय. मागं एकदा निवडणूक लागली, तर दोन वाड्या एकमेकींच्या लग्नाला जाईनात. तुमी नांदायला आल्या नव्हत्या तवा.

कुसाबाई: आन मी आल्यापासून गावात मत टाकलंच नाय. निके, भाची हायस माझी, खरं सांग. तुमच्या ऑस्ट्रेलियात कसं करतात?

निकिता: तिथं सगळ्या उमेदवारांना नंबर द्यायचे, आत्या. पहिली पसंती कोण, दुसरी कोण. पहिला बाद झाला की तुझं मत दुसऱ्याला जातं.

कुसाबाई: दुसरी पसंती बी इचारतात?

निकिता: अगदी शेवटचीसुद्धा.

कुसाबाई: अगं बाई. माणसाच्या मनात इतकं आत शिरून इचारतात.

गेणू: एवढं इचारत बसल्यावर राज्य कधी चालायचं?

निकिता: बेल्जियममध्ये झालं ना तसं, काका. तिथं मतांच्या प्रमाणात जागा, म्हणून पक्ष ढीगभर. त्यांची मोट बांधण्यात दीड वर्ष गेलं. तोवर जुनंच सरकार काळजीवाहू.

गेणू: दीड वरीस? डोकी फुटली असतील.

निकिता: नाही. शाळा चालू, गाड्या चालू. पक्षवाले आपले बोलत राहिले.

गेणू: दीड वरीस नुसतं बोलले. कमाल हाय.

कुसाबाई: आन आपण एका सांजंला उरकतो. तुमी तरी गावात कधी मत टाकलं, भावजी?

गेणू: आमदाराला टाकतो की. गावात पारावर हात वर करायचा. सगळे बघत असतात.

निकिता: निवडणूक झाली तर कोणी बघणार नाही. कोणाला दिलं ते कळणारही नाही.

गेणू: आमदारासारखंच? गावात बी?

निकिता: गावात बी.

गेणू: पारावरच्यांना बी नाय कळणार?

निकिता: कोणालाच नाही.

कुसाबाई: खिडकी लावली त्यांनी. माझ्याच्यानं सही झाली नाय, भावजी. लय भ्या वाटतंय, पण नाय झाली.

निकिता: आता चिन्हं वाटतील. काका, तुम्ही पुढं निघताय का?

गेणू: थांबतो, पोरी. वहिनीला निशाणी कोणती मिळती, तेवढं बघून जातो.