शेहेचाळीस फुटी भिंत आणि माझी बायको

...आणि वर साहेब मलाच म्हणतात, ‘पेंटर, घाई कशाला? पृथ्वीला अब्जावधी वर्षं लागली!’ शी! तुम्हाला सांगतो, भिंतीचा असा वीट मला जन्मात आला नव्हता. संग्रहालयाची भिंत, शेहेचाळीस फूट, तिच्यावर पृथ्वीचा जन्मापासूनचा इतिहास काढायचा, एक फूट म्हणजे दहा कोटी वर्षं. मी खूश! बायकोला म्हटलं, शेवटी माणूस येणार, त्यातली गुहेतली बाई तूच. तीन रविवार उभी राहिली हो बिचारी, केस मोकळे सोडून, हातात लाटणं... हत्यार म्हणून! आणि उद्घाटनाला अख्खं माहेर बोलावून बसली.

मग संग्रहालयाचे ते दगडवाले साहेब, म्हणजे भूशास्त्रज्ञ, आले खडू घेऊन. पहिल्या चाळीस फुटांत काय? ‘बारीक जीव.’ चाळीस फूट शेवाळ रंगवलं मी! शी! ह्याला काय इतिहास म्हणतात? पुढे नुसत्या रेघा. म्हटलं, साहेब, रेघ कुठे मारायची हे ठरवतं कोण? ‘दगडांचे थर! जुने जीव संपले, नवे आले, की कालखंड बदलला.’ म्हणजे कोणी मेलं की मारा रेघ! आणि मेलं कोण? शिंपले!

बरं, मारली रेघ, वाळली, तर त्यांच्या हाताखालच्या मॅडम धापा टाकत हजर, ‘अय्या पेंटर, नवी मोजणी आली, दहा लाख वर्षं अलीकडे घ्या ना!’ दहा लाख म्हणजे किती? अर्धा तांदूळ! त्यासाठी खरवडा सगळं! ह्याला काय इतिहास म्हणतात?

म्हटलं मरू दे, माणूस कुठाय? साहेबांनी खडूचं टोक टेकवलं, थेट संडासाच्या चौकटीला. ‘इथे. एक बारीक रेघ.’ अहो, रेघेत बायको कशी बसवू? पाहिलंय का तुम्ही तिला? तर म्हणे, ‘प्रमाण म्हणजे प्रमाण!’ मारली शेवटी, तिच्या आवडत्या जांभळ्या रंगात, श्वास रोखून.

उद्घाटनाच्या सकाळी सफाईवाल्या मावशी म्हणतात, ‘दारापाशी डाग होता, पुसला मी.’ संपली मानवजात! आणि साहेब? त्यांना पत्ताच नाही! ‘वा, अगदी प्रमाणात!’

बायको माहेरच्यांना घेऊन शेवाळापासून चालत चालत संडासाशी पोचली. ‘अहो, मी कुठाय?’ मी पुसलेली जागा दाखवली. तेव्हापासून घरात अबोला आहे. ताट आदळतं, शब्द नाही. परवा न राहवून साहेबांना विचारलं, हा कालखंड कधी हो बदलायचा? तर हसत म्हणतात, ‘नियम सांगितलाय ना पेंटर! जुना जीव संपला, की!’

म्हणजे मी मेलो की मारा रेघ.