जुन्या औषधाचा कौल

सर्वणची देवकी इस्पितळात रिपोर्टाची वाट बघत बसली होती. पाठच्या बाकावर कोरगावची मायलेकं हळू आवाजात भांडत होती, आणि देवकीने कानात काही बोळे घातले नव्हते.

“आये, संमतीच्या कागदावर सही कर गे. नर्स दोनदा येऊन गेली.”

“देवाने उजवी पाकळी पाडून होकार दिला तो जुन्या सलायनाला. हे नवीन कोणाला विचारून आणलं?”

“औषध तेच. फक्त नॅनो कणांत भरलेलं. जास्त करून गाठीतच उतरतं, म्हणून काळजाला त्रास कमी.”

“केवढे कण?”

“केसाच्या हजाराव्या भागाएवढे.”

“आणि ते वाट चुकले तर शोधायला कोण जाणार, तू?”

“डॉक्टर आहेत ना.”

“तो काल मिसरूड फुटलेला? आधी देवाला विचार.”

“गुरवांना फोन लावलाय. ते गाभाऱ्यातच आहेत. देवाला पाकळ्या लावतो, पण नेमकं काय विचारू ते सांगा, म्हणाले.”

“औषधाचं नको विचारू.”

“मग?”

“माझ्या लेकीला, गौरवीला, सातवा लागलाय. तिचं बाळंतपण माझ्या हातून होईल का, एवढंच विचार.”

“बरं. सांगतो तसं.”

“थांब रे रुद्रेश.”

“काय गे?”

“डावी पडली तर?”

रुद्रेशने फोन कानापासून खाली घेतला. फोनमधून गुरवांचं “हॅलो, हॅलो” देवकीलासुद्धा ऐकू येत होतं.

“त्यांना म्हणावं, राहू दे आज. आण तो कागद इकडे.”