पाखऱ्या कोणाचा?

अहो, मला एक सांगा, भाड्याने आणलेल्या बैलाने कोणी श्रीमंत होतं का? नाही ना? मग आमचे धनी कसे झाले? एका दुपारीत झाले! सकाळपर्यंत आम्ही रविवार पेठेतले साधे घाणेवाले होतो, आणि संध्याकाळी हे मिशांना तेल लावून पेठेत मिरवायला निघाले... तेही गिऱ्हाइकाच्या बुधलीतलं!

तुम्हाला सांगते, आमचा म्हातारा बैल गेला तेव्हा कात्रजच्या सोनबाकडून आम्ही पाखऱ्याला आणलं. तीन वर्षांची कबुलायत लिहिली. महिन्याच्या महिन्याला भाडं द्यायचं, पाखऱ्याने घाणा ओढायचा, संपलं. आता मी त्याला पेंड घालते, पाणी दाखवते, माशा बसल्या तर पदराने वारते, माझा आवाज आला की तो कान हलवतो, सगळं खरं... पण बैल कोणाचा? बैल सोनबाचा! यात काही अवघड आहे का? माझ्या धाकटीला कळतं.

दीनानाथपंतांना कळत नाही. कसं कळणार? ते शिकलेले ना! कुठल्याशा सावकाराच्या पेढीवर चार अक्षरं गिरवून आले आणि धन्यांनी त्यांना आमच्या हिशेबाला बसवलं. आले, बैठक मारली, तपकीर ओढली, वही चाळली आणि नाकातून म्हणाले, "मैनाबाई, यात बैल दिसत नाही."

मी म्हटलं, "तो गोठ्यात आहे."

"गोठ्यात असून काय उपयोग? वहीत हवा!"

"अहो पंत, बैल सोनबाचा."

"असेना का! तीन वर्षं राबणार तुमच्याकडे. ते राबणं ही तुमची मत्ता. आणि तीन वर्षांचं भाडं हे तुमचं देणं. दोन्ही आजच लिहायचं. डावीकडे मत्ता, उजवीकडे देणं."

मी म्हटलं, न झालेली मेहनत आजच मत्ता? आणि ज्या महिन्याचा चंद्रसुद्धा उगवला नाही, त्याचं भाडं आजच देणं? मग आमच्या धाकटीला पुढे होतील ती पोरंही लिहून टाका डावीकडे, आणि त्यांच्या बारशांचा खर्च उजवीकडे! तर म्हणतात कसे, "तुम्हाला नाही समजायचं. शिवाय दरसाल मत्तेतला बैल थोडा थोडा कमी करत न्यायचा." कमी? कुठून कमी करता हो? शेपटीकडून सुरुवात, की शिंगांकडून?

आणि आमचे धनी! त्यांच्या कानांची एक गंमत आहे, त्यांना फक्त डावी बाजू ऐकू येते. "अगं, मत्ता म्हणाले पंत! ऐकलंस? मत्ता!" मी म्हटलं, "देणंही म्हणाले." "ते उजवीकडे आहे गं, लांब." आणि निघाले सांगत! वाण्याला सांगितलं, सोनाराला सांगितलं. शेजारची जरीना, अत्तरवाल्या शमशुद्दीनची बायको, नेहमीचं तिळाचं तेल न्यायला आली आणि म्हणाली, "काय मैनाबाई, धनदौलत वाढली म्हणे? मग आता मापाला धार जास्त सोडणार का?" दौलत गोठ्यात शेण टाकत उभी होती. आणि बैल कोणाचा? बैल सोनबाचा!

इथवर मी सोसलं हो. कागदावर काय, ऐरावत लिहा. पण पोळा आला... आता आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे, बैलाला पूजायचा मान मालकाचा. म्हणून ठरलंच होतं, सोनबा आदल्या दिवशी येणार, पाखऱ्याला घरी नेणार, त्याचे खांदे मळणार, पूजणार, आणि पोळा झाला की आणून सोडणार. आला तो, दोर हातात घेऊन. तर पंत आडवे! "वहीत बैल आमचा आहे. पूजा याच दारात होईल. नाहीतर माझ्या वहीला अर्थ काय?" आणि धनी त्यांच्या मागे छाती काढून उभे!

सोनबा भडकला. "माझा बैल हाय! वासरू व्हता तवापास्नं पोसलाय म्या!" मी म्हटलं, अहो, त्याचं बरोबर आहे, द्या बैल. माझं कोण ऐकतं? पंतांनी वही उघडून त्याच्या नाकाशी धरली. आणि काय सांगू, सोनबाचा आवाज एकदम लोण्यासारखा मऊ झाला. "पंत, ह्ये लिवलंय त्ये सरकारी मान्साला दावाल का?"

"बेशक दाखवीन!"

"मग ऱ्हाऊ द्या. बैल तुमचाच. भाडं तेवढं येऊ द्या." आणि नवी झूलसुद्धा ठेवून गेला! ज्या माणसाने कधी खुंट्याची दोरी फुकट दिली नाही, तो झूल ठेवून गेला, तरी या दोघांना संशय नाही! धनी म्हणतात, "बघितलंस? वहीचा दरारा!"

दरारा! कात्रजला आधीच दवंडी पिटली गेली होती हो, आमच्या पेठेत अजून यायची होती. दसऱ्याला मोहीम निघणार, तोफा ओढायला बैल हवेत, आणि पोळ्याला ज्याच्या दारात बैल पूजला जाईल त्याच्याकडून तो न्यायचा. गेलेला बैल परत आलेला तुम्ही पाहिलाय? मी नाही पाहिला.

पोळ्याला मी शिंगं रंगवली, बेगड लावली, पुरणपोळी भरवली. पाखऱ्या माझा हात चाटत होता आणि सरकारी कारकून दारात उभा राहिला. "बैल कोणाचा?"

मी ओरडले, "सोनबाचा!"

धनी म्हणाले, "आमचा!" पंत म्हणाले, "आमचा! हे पाहा, मत्तेत आहे!" केवढ्या हौसेने पान उलगडलं! पाटलाला मुलगी दाखवावी तसं!

कारकून म्हणाला, "अक्षर छान आहे. उद्या तोफखान्यात जाईल."

मग मात्र धन्यांना कंठ फुटला. "सोनबाचा हो, सोनबाचा! घाणा बंद पडेल माझा! नवरात्राचं तेल, दिवाळीचं तेल... पंत, ती उजवी बाजू दाखवा ना यांना!" पंतांनी उजवी बाजू दाखवली. कारकुनाने शांतपणे वाचली आणि म्हणाला, "देणं तुमचं तुम्ही ठेवा. मी मत्तेसाठी आलोय."

कारकून गेल्यावर आमचे पंत... पळून गेले म्हणता? छे! दौत काढली आणि बसले लिहायला. "मत्ता खोडतो," म्हणाले. मी म्हटलं, "आणि देणं?" "ते राहील. कबुलायत तीन वर्षांची आहे." रात्रभर मी पाखऱ्याजवळ बसले. धनी दारातून म्हणाले, "अगं, चूक झाली." मी म्हटलं, "डावीकडे लिहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई पाखऱ्याला घेऊन गेले, घटकाभराने सोनबा येऊन भाडं घेऊन गेला, आणि घाणा आमच्या धन्यांनी ओढला.