बोटीवर पाठवलेले फोटो

"शांत राहा" म्हणायला तुमचं काय जातंय? आधी ऐका तरी. आमचे हे आणि त्यांचे एक मित्र शिडाच्या बोटीतून कोचीहून मालदीवला निघाले होते. बोटीवर सॅटेलाइट फोनला लॅपटॉप जोडून ईमेल यायचे, तेही मुंगीच्या पावलांनी. मी रोज सकाळी इथे पुण्यात इंटरनेटवर हवामान बघायचे आणि चार ओळींत कळवायचे. सगळ्या नातेवाइकांना बजावलं होतं, बोटीच्या पत्त्यावर फोटो पाठवू नका.

एके दिवशी वादळाची सूचना दिसली. मी लगेच कळवलं, "लक्षद्वीपला थांबा, पुढे जाऊ नका." उत्तर नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी बंदरातून यांचा फोन आला. शीड फाटलं होतं, मित्राचा हात मोडला होता.

"अहो, माझा मेल वाचला नाहीत?"

"मिळालाच नाही. त्याच्या आधी दादाचे फोटो येत होते. मध्येच लाइन तुटायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू."

दादा म्हणजे माझे थोरले दीर. त्यांनी वाघोलीला नवा फ्लॅट घेतला होता, त्याचे आठ फोटो! मी तशीच स्कूटर काढली आणि त्यांच्या दारात जाऊन सगळं सुनावलं. भाऊजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते असू दे. फ्लॅट आवडला का त्याला?"

"आवडला ना," मी म्हटलं. "बुडता बुडता तोच बघत होते."