काळीचा कसूर

जनावरांच्या दवाखान्यात अनंतराव मांजर घेऊन बसले होते. शेजारी बसलेल्या आशाबाई टोपलीतली रक्ताळलेली कोंबडी कंपाउंडरला दाखवत होत्या.

“बाकीच्या टोचत्यात हिला.”

“सगळ्यात जास्त कोण टोचतं, मावशी?”

“आधी काळी टोचायची. लई दांडगी. रविवारी कापली तिला. आता तांबडीनं धरलंय.”

“कोंबड्या किती?”

“आठ.”

“पाण्याची भांडी?”

“एकच वाटी. आमच्या नव्या प्लॉटिंगात टँकर आठवड्यानं येतो, भाऊ.”

“मग तहानेनं भांडणारच त्या. तीन-चार ठिकाणी पाणी ठेवा.”

“म्हंजी काळीचा कसूर नव्हता?”

“नव्हता, मावशी.”

आशाबाईंनी टोपलीवर फडकं ओढलं.

“कापायला हाक मारली, तर तीच आधी पळत आली, भाऊ. वाटलं असंल, पाणी आणलंय.”