बराकपूरच्या बँडचे शोधक

सन्माननीय अध्यक्ष डॉ. नारायणराव कारखानीस, आजचे सत्कारमूर्ती श्री. दिगंबरराव सबनीस, त्यांच्या शेजारी बसलेल्या सौ. सुनीतीबाई, मंडळाचे आजी-माजी पदाधिकारी, आणि बालीगंजपासून डमडमपर्यंतच्या घरांतून भर उन्हात इथवर आलेल्या बंधुभगिनींनो,

माझ्याआधी तीन वक्ते बोलले. तिघांनीही सबनीससाहेबांना रत्नपारखी म्हटलं. एकाने तर दोनदा म्हटलं. मी या मंडळाची चिटणीस. नऊ वर्षांत अकरा निरोप समारंभ पाहिले आहेत. बदलीवर आलेले अधिकारी काही वर्षं राहतात, आपल्या गणपतीला अध्यक्ष होतात, कलकत्त्याच्या हवेला नावं ठेवतात, आणि नवा हुकूम आला की आमच्यासारखी इथेच जन्मलेली माणसं त्यांना हार घालून हावड्याला पोचवतात. त्या प्रत्येकाविषयी मी इथून चांगलंच बोलले. काहींच्या बाबतीत फार कष्ट पडले, पण बोलले. या वेळी अध्यक्षांनी 'मालतीबाई, दोन शब्द बोला' म्हणताच मी लगेच हो म्हटलं. त्यांना तेव्हाच जरा शंका यायला हवी होती.

साहेबांचा छंद सर्वांना ठाऊक आहे. कोणी टपालाची तिकिटं जमवतं, कोणी जुनी नाणी. साहेब बँड जमवतात. लग्नाच्या वरातीत, पूजेच्या विसर्जनात, गिरणीच्या फाटकाशी वाजणारे, ज्यांचं नाव त्यांच्या गल्लीपलीकडे कोणी ऐकलेलं नाही असे बँड. रविवारी खांद्याला थर्मास अडकवून निघायचं, असा एखादा बँड गाठायचा, आणि मग एका इंग्रजी साप्ताहिकात लिहायचं की कलकत्त्याने आजवर जे ऐकलं नाही ते मी ऐकलं. आता, वरातीमागे चालणाऱ्या दोनशे माणसांनी ते ऐकलेलं असायचंच. पण ती माणसं इंग्रजीत लिहीत नसत, म्हणून त्यांचं ऐकणं धरायचं नाही. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. आमच्या पुस्तकांतही असंच असतं. नदीकाठी हजार वर्षं माणसं राहत असतात, आणि एक गृहस्थ होडीतून येऊन सांगतात की ही नदी मी शोधली.

असे नऊ बँड साहेबांनी सहा वर्षांत शोधले. ते आज कुठे आहेत, हे या सभागृहात कोणाला सांगता येईल? साहेबांना तरी येईल का? येणार नाही, कारण त्यांचा एक नियम होता. बँड कोणालाच माहीत नाही तोवर तो अस्सल. चार लोक टाळ्या वाजवू लागले की तो बिघडला. म्हणजे बँडने काय वाजवलं याला किंमत नाही, तो सर्वांच्या आधी आपण ऐकला याला किंमत. सुनीतीबाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही तुमच्या घरी नेहमी आम्हाला चहा दिलात आणि बँडविषयी एक अक्षर बोलला नाहीत, त्याबद्दल मला तुमचा आदर वाटतो.

मी फक्त एका बँडविषयी बोलणार आहे.

त्रेपन्न सालची सरस्वतीपूजा. माझी मावसबहीण प्रेमलता तेव्हा बराकपूरला राहत होती, तिच्याकडे मी गेले होते. विसर्जनाच्या मिरवणुकीत आठ माणसांचा एक बँड होता. सर्वांच्या पुढे साठीचा, वाळलेला, कमरेत वाकलेला एक माणूस छातीवर मोठा ढोल बांधून चालत होता. त्यांचं नाव निवारण दास. ते पूर्वी फौजेच्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे आखूड पितळी तुतारी, वाजवत. पुढचे दात गेले, कॉर्नेटवर ओठ ठरेना, तेव्हा त्यांनी ते पुतण्याच्या हाती दिलं आणि स्वतः ढोल घेतला. पुतण्याचं नाव शिबू. चाल कूच करण्याची होती, पण दोन कडव्यांनंतर निवारणबाबूंनी ढोल अगदी हलका केला आणि शिबूने त्याच चालीत संथ कीर्तनाचा सूर धरला. मिरवणूक चालायची थांबली. घोळक्यातल्या बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. मला संगीतातलं काही कळत नाही, पण मीही थांबले.

ही हकिकत मी पुढच्या बैठकीत सहज सांगितली. साहेब म्हणाले, "मालतीबाई, बराकपूरला काय असणार? पण येतो, पाच मिनिटं ऐकतो." आले, ऐकलं, आणि पंधरा दिवसांत लेख छापून आला. त्यात साहेब एकटेच नदीकाठाने भटकत असताना त्यांना दुरून सूर ऐकू येतात. मावसबहीण नाही, मिरवणूक नाही, मीही नाही. असो. लेखात मी नसल्याचं मला दुःख नाही. पुढे जे झालं त्यात मी होते, त्याचं आहे.

साहेबांना बंगाली येत नाही. सहा वर्षं राहून येत नाही. बँडवाल्यांशी बोलायला ते दुभाषी म्हणून मला नेत. मलाही त्याचा जरा मोठेपणा वाटे. त्या वर्षी दुर्गापूजेची सुटी संपल्यावर आम्ही निवारणबाबूंच्या अंगणात गेलो. फणसाच्या झाडाखाली तालीम चालली होती. आमच्यासाठी एक खुर्ची शेजारून मागून आणली होती. त्यावर साहेब बसले. साहेबांनी चौरंगीवरच्या एका क्लबात बँडची सोय केली होती, हिवाळाभर दर शनिवारी. मी ते सांगितलं तेव्हा शिबूने कॉर्नेट खाली ठेवून मला नमस्कार केला. मग साहेब माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "आता त्या म्हाताऱ्याला सांगा, तो नको. तोंडात दात नाहीत, कमरेत वाकलाय. असला माणूस पुढे उभा केला की बँड अंत्ययात्रेचा वाटतो. मी माझं नाव घालवणार नाही. पोरं चालतील."

मी बंगालीत म्हटलं, "साहेबांना वाटतं, एवढी दगदग तुमच्या प्रकृतीला झेपायची नाही."

निवारणबाबूंनी आधी साहेबांकडे, नंतर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "दीदीमणी, साहेब पुष्कळ बोलले. तुम्ही एवढंसंच सांगितलंत. राहिलेलं?"

मी पोरांकडे पाहिलं. पोरं जमिनीकडे पाहत होती. शिबूही.

"थाक," निवारणबाबू म्हणाले. राहू द्या. त्यांनी गळ्यातून ढोलाचा पट्टा काढला, एका पोराच्या गळ्यात घातला, त्याच्या उंचीप्रमाणे बक्कल दोन भोकं सैल केलं आणि घरात गेले. साहेबांनी मला विचारलं, "समजला ना तो?" मी म्हटलं, "समजले."

परतीच्या गाडीत सियालदापर्यंत साहेब बँडच्या नव्या नावाचा विचार करत होते. मी काय करत होते? मी खिडकीबाहेर पाहत होते. माझा धाकटा भाऊ विजय याला त्याच महिन्यात साहेबांच्या शब्दावर त्यांच्या खात्यात नोकरी लागली होती. तो समोर तिसऱ्या रांगेत बसला आहे, आणि घरी गेल्यावर मला काय म्हणणार आहे, तेही मला ठाऊक आहे. पण मी अंगणात गप्प बसले त्याचं कारण हेच होतं, दुसरं नव्हतं. तेव्हा साहेबांविषयी बोलताना मी स्वतःला बाजूला काढते आहे असं कोणी समजू नये.

नवं नाव ठरलं 'गँजेस सेरेनेडर्स'. उरलेल्या सातांपैकी एकालाही ते उच्चारता येत नव्हतं. त्यांना पांढरे कोट शिवले आणि साहेबलोकांच्या नाचाच्या चाली बसवून घेतल्या. आपण सगळे एका शनिवारी गेलो होतो, आठवतं? काय टाळ्या वाजवल्या आपण. ज्यांना आपल्या गणपतीपुढची आरती ठेक्यात म्हणता येत नाही, त्यांनीही मान डोलावून दाद दिली, कारण साहेब मान डोलावत होते. पुढच्या बैठकीत साहेबांच्या अभिनंदनाचा ठराव झाला. तो मी माझ्या अक्षरात लिहिला आहे.

दुसऱ्या हिवाळ्यात काय व्हायचं ते झालं. बँड लोकांना आवडला. दुसऱ्या क्लबांची बोलावणी येऊ लागली, कोणी कोणी शिबूला नावाने ओळखू लागलं. साहेबांना हे कसं सोसावं? फेब्रुवारीत त्यांनी त्याच साप्ताहिकात लिहिलं की हा बँड आता बाजारी झाला. क्लबवाले साहेबांच्या मताने चालणारे. त्यांनी बँड बंद केला, आणि तो लेख वाचून बाकीचीही बोलावणी थांबली. साहेब तोवर थर्मास घेऊन डमडमला पोचले होते. तिथे एक नवं रत्न सापडलं होतं.

एका दुपारी शाळा सुटताना शिबू फाटकाशी उभा होता. अंगात तोच पांढरा कोट, हातात घडी घातलेलं साप्ताहिक. म्हणाला, "दीदीमणी, साहेबांनी आमच्यावर काय लिहिलंय ते वाचून सांगा. क्लबवाले नुसतं हे दाखवतात, बोलत नाहीत."

आम्ही समोरच्या चहाच्या दुकानात बसलो. मी वाचलं आणि सांगितलं. या वेळी एकही शब्द गाळला नाही. 'उसने सूर' लिहिलं होतं ते सांगितलं, 'पांढऱ्या कोटातली माकडं' लिहिलं होतं तेही सांगितलं. कोट कोणी शिवायला लावले होते, हे लेखात नव्हतं. शिबूने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "काकांचं काही लिहिलंय?"

"नाही."

"बरं झालं," तो म्हणाला. साप्ताहिकाची पुन्हा घडी घालत म्हणाला, "काकांकडे आता कोणत्या तोंडाने जाऊ?"

मी म्हटलं, "मलाही जायचंच आहे. बरोबर जाऊ."

निवारणबाबू दीड वर्ष कीर्तनातल्या मृदंगांना आणि तबल्यांना चामडं चढवून देत होते. ओसरीवर तेच काम चाललं होतं. सातही पोरं अंगणात रांगेने उभी राहिली, जसं फौजेत उभं राहतात. शिबू काही बोलणार होता, त्यांनी हातानेच थांबवलं आणि म्हणाले, "वाजव." शिबूने एक सूर लावला. तो थरथरला. निवारणबाबू म्हणाले, "ओठ बिघडवून आणलेस. महिनाभर नुसता लांब सूर. चाल नाही." एवढंच. ना आरोप, ना उपदेश. एवढ्यात पोरांपैकी एकाने ढोल पुढे आणून ठेवला.

पोरं गेल्यावर मी त्यांना त्या दिवशीची साहेबांची वाक्यं सांगितली. दातांचं, कमरेचं, अंत्ययात्रेचं, सगळं. ते म्हणाले, "ते मला तेव्हाच कळलं होतं. साहेब माझ्याकडे न पाहता बोलत होते. तुम्ही का सांगितलं नाहीत, ते मात्र कळलं नव्हतं."

मी विजयच्या नोकरीचं सांगितलं. त्यांनी चामड्याची वादी ओढून गाठ मारली. म्हणाले, "भावासाठी माणूस गप्प बसतो. पण पुन्हा बसू नका." मग चहा मागवला.

आज तो बँड 'दास बँड पार्टी' या त्यांच्या जुन्या नावाने वाजतो. बराकपूरच्या लग्नांत, पूजेत, शाळांच्या कवायतीत. कलकत्त्यात त्यांना कोणी ओळखत नाही. म्हणजे साहेबांच्या नियमाप्रमाणे ते पुन्हा अस्सल झाले असावेत.

आता एकच गोष्ट राहिली. गेल्या महिन्यात कार्यकारिणीने ठरवलं की साहेबांच्या निरोपाला त्यांनीच शोधलेला बँड बोलवावा. मी निमंत्रण घेऊन गेले. मला वाटलं, निवारणबाबू हाकलून देतील. ते म्हणाले, "येऊ. जाणाऱ्या माणसाला वाजवून पोचवावं. फक्त मी पुढे उभा राहीन, एवढं साहेबांना विचारून घ्या." मी विचारलं. साहेब, तुम्ही काय म्हणालात ते तुमच्या लक्षात असेल. "तो म्हातारा अजून आहे?" म्हणालात, आणि कार्यक्रमपत्रिकेतली ती ओळ स्वतःच्या पेनने खोडलीत. म्हणून आज सुरुवातीला आपण पेटी ऐकली.

थोड्याच वेळात अध्यक्ष साहेबांना मानपत्र देतील. कागद सुंदर आहे, अक्षर सुंदर आहे, आणि चौथ्या ओळीत 'बराकपूरच्या बँडचे शोधक' असं लिहिलं आहे. खाली दोन सह्यांची जागा आहे. डावीकडे अध्यक्षांची सही आहे. उजवीकडे चिटणीसाची जागा कोरी दिसेल. ती नजरचुकीने राहिलेली नाही. मंडळाला तिथे सही हवी असेल तर उद्या नवा चिटणीस निवडता येईल, माझं पत्र अध्यक्षांच्या टेबलावर आहे.

सबनीससाहेब आणि सुनीतीबाई यांचा प्रवास सुखाचा होवो. आपण एवढा वेळ ऐकून घेतलंत, मधेच उठून गेला नाहीत, याबद्दल मी सर्वांची ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, मानपानात काही उणं पडलं असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करावी. बाकी जे बोलले त्याची क्षमा मी मागत नाही.

नमस्कार.