हौसाबाईची बेण्याची वेणी

ऐका गं. पण हात चालू ठिवा. आभाळ भरलंय, आज लसणाच्या ह्या वेण्या घालून झाल्याच पाह्यजेत. आन् भामे, माती झटकायची, पुसायची न्हाई. किती वेळा सांगू?

तर ही गोष्ट माझ्या सासूची, हौसाबाईची. सासू म्हणून वाढवून सांगत न्हाई हां! जितेपणी तिनं माझ्या हातची एक वेणी धड म्हणली न्हाई. पण बाई व्हती खरी! लग्नात तिच्या आईनं पदरात लसणाचे चार गड्डे बांधून दिलेले. त्या चार गड्ड्यांचा तिनं वाफा केला, वाफ्याचं रान केलं. आख्ख्या पंचक्रोशीतनं बेणं न्यायला माणसं आमच्याच दारात यायची. आजबी येत्यात.

शिमगा झाला व्हता. लसूण काढून चार दिस रानातच वाळत पडलेला, गड्ड्यांवर पात झाकून. आन् दुपारी आभाळ काळं झालं. माझा सासरा, म्हंजी तिचा नवरा, बाजाराला गेलेला. ही एकटीच बसली वेण्या घालत. शेवटची वेणी बेण्याची, पुढल्या साली लावायला निवडून काढलेल्या गड्ड्यांची. ती झाली तवा दिवस बुडालेला. घेतलं वझं डोईवर आन् निघाली अंधारात. पुलावरनं लांब पडतं म्हणून धरली ओढ्याची वाट. रात्रीचं जिथनं कुणी जात न्हाई तीच वाट, व्हय!

तुमी म्हणाल, लसणाला भूत भितं. कोण म्हणतं? आमच्या ओढ्यातलं तर लसणावरच टपलेलं!

ओढ्याकाठच्या बाभळीपाशी आली. मागनं हाक आली, "हौसाऽ!"

तिनं ओ दिली न्हाई. रात्रीच्या पहिल्या हाकेला ओ देतंय व्हय कुणी? चालत राहिली. तर वझं जड झालं. आणखी जड! वर कुणी मांडी घालून बसावं तसं. मान मोडायला आली, पण वझं खाली टेकवलं न्हाई. भुई ओली व्हती ना! लसूण भिजला असता.

चालली, चालली, आन् समोर तीच बाभूळ. उजवीकडं वळली. परत तीच बाभूळ! चकवा, बायांनो, चकवा!

तेवढ्यात समोरनं सासरा आला. तेच मुंडासं, तसंच खाकरणं. "अगं, किती उशीर! आण ते वझं इकडं."

हौसाबाईच्या जिवात जीव आला. वझं उतरवायला हात वर केले. तवर तो म्हणतो, "केवढी माती ही! चल, ओढ्यात धुऊन घेऊ. कसा पांढराशुभ्र दिसंल बघ."

धुऊन! तिचे हात तिथंच थांबले. अगं, काढलेल्या लसणाला पाणी लागलं की तो सडला, हे आमच्या घरातलं रांगतं पोरबी सांगंल. सासरा तर लसणापाशी चूळसुदिक भरायचा न्हाई!

हा आपला माणूस न्हवं.

पण बाई डगमगली न्हाई. म्हणली, "तुमी व्हा पुढं. पाण्यात उतरा, मी वरनं देते." तो उतरला. पाणी वाजलं न्हाई. ऐकताय ना? जराबी वाजलं न्हाई!

हौसाबाई जी पळाली! पाण्यातनं हात आला. लांब, आणखी लांब! वझ्यातनं एक वेणी लोंबत व्हती, तिचं टोक धरलं. नेमकी बेण्याचीच!

"वेणी सोड, तुला सोडतो!"

सोड म्हणं! आईनं दिलेलं बेणं ते! एका हातानं वझं धरलं, दुसऱ्यानं वेणी. वढ म्हणली, वढ! तिकडनं ते वढतंय, हिकडनं ही. तुटली का वेणी? न्हाई तुटली! पीळच तसा घातलेला तिनं. वढता वढता शिवंवरच्या म्हसोबाच्या दगडाला पाय अडखळला, वझ्यासकट अल्याडच्या कोरड्या भुईवर पालथी पडली, आन् त्याचा हात सुटला. शिवंच्या अल्याड ते येत न्हाई.

समोरनं कंदील आला. सासरा पळत पळत, "हौसे, कुठं हाईस गं?"

हिनं काय करावं? पडल्या पडल्या म्हणली, "अवो, लसणाला लई माती लागलीय. वाईच धुऊन आणता का ओढ्यातनं?"

"डोकं फिरलं का तुजं?" सासरा असा वरडला! "लसूण धुतंय व्हय कुणी?"

तवा कुठं ती रडली. गळ्यात पडून रडली.

वझं घरात आलं आन् पाऊस कोसळला. बेण्याच्या वेणीवर पाच बोटं ओली उमटलेली. तेवढे पाच गड्डे सडले. बाकीचे तिनं पुढल्या साली लावले, त्यातनं आलेले त्याच्या पुढल्या साली लावले, तिच्यामागं मी लावले. आत्ता तुमच्या हातात हाय ना, तोच ह्यो लसूण.

म्हणून सांगते, उशीर होऊ दे, पाय दुखू दे, पुलावरनं या. ओढ्याच्या वाटंला जाऊ नका. आन् गेलातच, आन् कुणी घरच्या माणसाच्या आवाजात म्हणलं, चल, लसूण धुऊ, तर मागं न बघता पळा.

पळा, पण वेणी सोडू नका.